डिझेलमधील पाणी आणि दुरुस्तीचा भुर्दंड

दुधांत पाणी घातलें तर तें सगळ्या दुधांत सारखें मिसळतें. दूध पातळ होतें, इतकेंच. डिझेलमध्यें शिरलेलें पाणी असें मिसळून जात नाहीं. डिझेल पाण्याहून हलकें असल्यामुळें पाणी तळाशीं जाऊन बसतें, आणि गाडीची तेल ओढणारी नळी नेमकी टाकीच्या तळाजवळ असते. म्हणून टाकींत चाळीस लिटर चांगलें डिझेल व एकच लिटर पाणी असलें, तरी इंजिनाच्या वाट्याला प्रथम पाणीच येण्याचा संभव असतो. दुधाच्या भेसळींत गिऱ्हाइकाचे चार पैसे जातात. येथें गाडीचें काळीजच जातें, आणि मग दुरुस्तीचे पैसे कोणीं द्यावयाचे, हा प्रश्न उभा राहतो.

हा प्रश्न शहरांतील मोटारमालकाला जितका जाचतो, त्याहून अधिक तो आरमोरीसारख्या गांवाला जाचतो. आरमोरी हें वैनगंगेच्या पूर्वतीरावरील तालुक्याचें गांव. १९८२ सालीं चंद्रपूर जिल्ह्याचें विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा निर्माण झाला, त्यांत तें आलें. भोंवतीं धानाची शेती व तिच्यापलीकडे जंगल. नागपुराकडून येणारा माल नागभीड व ब्रह्मपुरी या मार्गानें नदीचा पूल ओलांडून येतो. चिखलणीचा ट्रॅक्टर, मळणीचें यंत्र, तांदूळ वाहणारा ट्रक आणि आजाऱ्याला नेणारी रुग्णवाहिका या सर्वांचा प्राण डिझेल हाच आहे. जिल्ह्यांत वर्षाकाठीं सरासरी तेराशे मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यांतील बहुतेक चार महिन्यांत. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला, तेव्हां भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंतच्या नदीकांठाला त्याचा तडाखा बसला. ज्या दिवसांत डिझेलमध्यें पाणी शिरण्याचा धोका सर्वांत अधिक, त्याच दिवसांत रोवणीची घाई असते. त्या आठवड्यांत बंद पडलेला ट्रॅक्टर म्हणजे केवळ दुरुस्तीचा खर्च नव्हे. तो हंगामाचा तोटा आहे.

पाणी डिझेलमध्यें शिरतें तें मुख्यतः तीन वाटांनीं. पंपावरील तेलाची टाकी जमिनीखालीं असते. तिच्या झांकणांतून किंवा जीर्ण झालेल्या नळांतून पावसाचें पाणी आंत झिरपतें. दुसरी वाट हवेंतील बाष्पाची. अर्धी रिकामी टाकी रात्रीं थंड झाली, म्हणजे तिच्या आंतल्या बाजूस दंव धरतें आणि तें थेंबाथेंबानें तळाशीं सांचतें. ही गोष्ट पंपाच्या टाकीइतकीच गाडीच्या टाकींतहि घडते. तिसरी वाट वाहतुकीची. टँकर नीट निथळलेला नसला, किंवा शेतावर डिझेल नेण्याचा डबा ओला असला, तरी तेवढें पुरतें. पंपाची नळी टाकीच्या तळापासून कांहीं उंचीवर ठेवलेली असते. त्यामुळें थोडें पाणी बरेच दिवस खालीं निमूटपणें पडून राहतें. तें वाढून नळीच्या तोंडाशीं पोंचलें, अथवा टँकर रिता होतांना सगळें ढवळलें गेलें, कीं तेवढ्या वेळांत आलेल्या गिऱ्हाइकांच्या पदरीं तें पडतें. एकाच पंपावर सकाळीं भरलेली गाडी सुखरूप जाते आणि दुपारीं भरलेली वाटेंत थांबते, याचें इंगित हें आहे.

मुद्दाम केलेली भेसळ ही याहून निराळी. शिधापत्रिकेवरील रॉकेल डिझेलपेक्षां पुष्कळ स्वस्त होतें, त्या काळांत तें डिझेलमध्यें मिसळण्याचा धंदा देशभर फोंफावला होता. त्या धंद्याची क्रूरता महाराष्ट्रानें पाहिली आहे. २५ जानेवारी २०११ रोजीं मनमाडजवळ पानेवाडी येथें इंधनाचा काळाबाजार करणाऱ्यांना हटकणारे मालेगांवचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यांत आलें. रॉकेल डिझेलपेक्षां पातळ असून त्यांत वंगणाचा गुण कमी असतो. म्हणून त्यानें इंजिन तत्काळ बंद पडत नाहीं, पण आंतील भाग हळूहळू झिजतात.

जुन्या इंजिनांची पचनशक्ति दांडगी होती. १९०० सालच्या पॅरिस येथील प्रदर्शनांत डिझेल जातीचें एक इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखविण्यांत आलें होतें. आजचें इंजिन तसें नाहीं. त्यांत डिझेल वातावरणाच्या दाबाच्या दीड ते दोन हजार पट दाबानें, अतिशय बारीक छिद्रांतून फवारलें जातें. हें काम करणाऱ्या भागाला इंजेक्टर म्हणतात. त्याच्या हलत्या भागांमधील फट मिलिमीटरच्या दोन-तीन सहस्रांशांइतकी असते, आणि त्या फटींत वंगणाचें काम डिझेलच करतें. तेथें डिझेलऐवजीं पाणी आलें, म्हणजे धातूवर धातू घासतो, गंज चढतो, तापलेल्या टोकाशीं पाण्याची एकदम वाफ होऊन टोंक फुटूंहि शकतें. शिवाय पाणी व डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्म बुरशी व जंतु वाढतात आणि त्यांचा चिकट गाळ गाळणी बुजवितो. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या मानकाप्रमाणें एका किलोग्रॅम डिझेलमध्यें २०० मिलिग्रॅमहून अधिक पाणी असतां कामा नये. पन्नास लिटरांच्या टाकीचा हिशेब केला, तर तें चहाचे दोन चमचेहि भरत नाहीं.

दोष वेळींच ध्यानांत आला, तर टाकी धुणें व गाळणी बदलणें एवढ्यावर निभावतें आणि खर्च हजारांत राहतो. परंतु गाडी तशीच रेटीत नेली आणि पाणी दाबाच्या पंपापर्यंत व इंजेक्टरांपर्यंत पोंचलें, तर तोच आंकडा लाखाच्या घरांत जातो. म्हणून डिझेल भरल्यावर थोड्याच अंतरावर इंजिन अडखळूं लागलें, पांढरा धूर येऊं लागला, किंवा पाण्याची सूचना देणारा दिवा लागला, तर इंजिन त्याच क्षणीं बंद करावें आणि पुन्हां सुरू करून पाहण्याचा मोह टाळावा.

आतां पैशाचा विचार. विम्यावर भिस्त ठेवणाऱ्यांची येथें बहुधा निराशा होते. त्रयस्थांच्या नुकसानीचा सक्तीचा विमा मालकाच्या गाडीसाठीं कांहींच देत नाहीं. सर्वंकष म्हणविणाऱ्या विम्यांतहि यंत्राचा आंतरिक बिघाड मूळ अटींनींच वगळलेला असतो. जादा हप्ता भरून घेतलेलें इंजिनाचें संरक्षण मुख्यतः पुराच्या पाण्यासाठीं असतें; दूषित इंधन त्यांत येतें कीं नाहीं, हें त्या पत्रांतील अटीच सांगतील. गाडी बनविणाऱ्या कंपनीची हमी भेसळीच्या इंधनानें झालेलें नुकसान सामान्यतः स्वीकारीत नाहीं. तेव्हां उरतो तो डिझेल विकणारा. आणि त्याच्याकडून भरपाई मिळणें अवलंबून असतें तें पुराव्यावर.

येथेंच खरी मेख आहे. गाडी कारागिराकडे गेली, कीं तो प्रथम टाकी रिकामी करतो. इंजिन वांचविण्यासाठीं तें योग्यच आहे. परंतु त्या घाणीबरोबर मालकाचा एकमेव साक्षीदारहि गटारांत जातो. जून २०२५ मध्यें मध्यप्रदेशांत रतलामनजीक मुख्यमंत्र्यांच्या ताफ्यांतील १९ गाड्या एकाच पंपावर डिझेल भरल्यानंतर लागोपाठ बंद पडल्या. टाक्या उघडल्या तों डिझेलबरोबर पाणी निघालें, आणि अधिकाऱ्यांनीं पंपास टाळें ठोकलें. तेथें एका गाडीची साक्ष दुसऱ्या अठरा गाड्या देत होत्या. आरमोरीच्या रस्त्यावर एकट्याच थांबलेल्या ट्रॅक्टरला असे साक्षीदार नसतात. ते त्याच्या मालकालाच गोळा करावे लागतात.

त्याची रीत अवघड नाहीं. टाकी रिती करण्यापूर्वीं तळाचें डिझेल कोरड्या, स्वच्छ कांचेच्या बाटल्यांत भरून घ्यावें. एक पुरत नाहीं, दोन-तीन असाव्या. शक्य तर पंपचालकाच्या समक्ष त्यांवर मोहोर करून दोघांच्या सह्या घ्याव्या. तो नकार देईल तर दोन त्रयस्थ माणसांच्या सह्या चालतील. बाटली थोडा वेळ उभी ठेवली, कीं पाणी खालीं वेगळें दिसतें. त्याचें छायाचित्र घ्यावें. डिझेलची पावती जपावी. पंपावरील तक्रार-पुस्तकांत नोंद करून तेल-कंपनीला व तहसील कार्यालयांतील पुरवठा विभागाला त्याच दिवशीं लेखी कळवावें. त्या दिवशीं तेथें भरलेल्या दुसऱ्या कोणा गाडीला तसाच त्रास झाला का, याची चौकशी करावी. कारागिराकडून बिघाडाचें कारण लेखी घ्यावें आणि बदललेले जुने भाग त्याच्याकडे न सोडतां घरीं आणावे.

२००५ सालच्या केंद्रीय आदेशानें अधिकाऱ्यांना पंपाची झडती घेण्याचा व नमुने काढण्याचा अधिकार दिला आहे. पंपावर डिझेलच्या घनतेची नोंद ठेवावी लागते, आणि गिऱ्हाइकानें मागितल्यास ती त्याच्यासमोर मोजून दाखवावी लागते. मात्र घनतेच्या परीक्षेला तळाशीं बसलेलें पाणी सांपडेलच असें नाहीं. त्यासाठीं पाणी लागतांच रंग बदलणारा लेप गजाला लावून तो टाकीच्या तळापर्यंत सोडतात.

समेट न झाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाचें दार उघडें आहे. आरमोरीकराला त्यासाठीं गडचिरोलीपलीकडे जावें लागत नाहीं. कारण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणें तक्रारदार जेथें राहतो तेथेंच तक्रार दाखल करतां येते. मुदत दोन वर्षांची आहे. शुल्क खरेदीच्या किंमतीवरून ठरतें आणि पांच लाख रुपयांपर्यंत तें नाहींच. डिझेलची खरेदी या मर्यादेच्या फार आंत असते. आयोग नमुना प्रयोगशाळेकडे पाठवूं शकतो. धंद्यासाठीं घेतलेला माल या कायद्याच्या बाहेर असला, तरी स्वतः राबून पोट भरण्यासाठीं ट्रॅक्टर किंवा ट्रक चालविणाऱ्याला कायद्यानें ग्राहकच मानलें आहे. येथें विक्रेत्याचा दुष्ट हेतु सिद्ध करावा लागत नाहीं. पाणी पावसाचें होतें ही सबब त्याला पुरत नाहीं. कारण टाकी कोरडी ठेवणें हें त्याचेंच काम होय.

विक्रेताहि प्रश्न विचारील, आणि त्याचा तो हक्क आहे. टाकीचें झांकण घट्ट होतें काय? गाळणींतील पाणी वेळच्या वेळीं काढलें होतें काय? डिझेल डब्यांतून नेलें काय? ज्याच्या गाडीची देखभाल वहींत नोंदलेली असते, त्याला या प्रश्नांचें भय नाहीं. पावसाळ्यांत टाकी भरलेली ठेवणें, पंपावर टँकर रिता होत असतांना डिझेल न घेणें, गाळणीच्या तळाची तोटी सोडून पाणी काढणें, या तीन संवयींना पैसा पडत नाहीं. आणि इतकें करूनहि गाडी थांबलीच, तर तीन बाटल्या व एक पावती यांवरच ठरतें, कीं भुर्दंड कोणाच्या माथीं बसावयाचा.