दातांचा एक्स-रे व्हॉट्सअ‍ॅपवर कसा पाठवावा?

बेळगावहून बंगळुरूच्या शासकीय दंत महाविद्यालयात जायचे म्हणजे सुमारे ५०० किमी प्रवास आणि बुडालेली मजुरी. पुन्हा जाण्याची गरज आहे का, हे कधी कधी एक्स-रे पाहूनच कळते. केंद्र सरकारच्या मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांमध्ये डॉक्टरांच्या सल्ल्यासाठी व्हॉट्सअ‍ॅपसारख्या माध्यमांचाही समावेश आहे. मात्र चित्र अस्पष्ट असेल तर बारीक कीड किंवा मुळाजवळचा संसर्ग नजरेतून सुटू शकतो.

काय करावे?

१. एक्स-रे डिजिटल असल्यास केंद्राकडून मूळ फाइल घ्या. ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. ‘फोटो’ म्हणून पाठवल्यास चित्राचा दर्जा कमी होतो.

२. फिल्म असल्यास ती पांढऱ्या उजेडासमोर धरा. फ्लॅश बंद ठेवून, फोन सरळ धरून फोटो काढा.

३. सोबत वय, एक्स-रेची तारीख, दुखणारी बाजू (उजवी की डावी, वर की खाली), मधुमेह, गरोदरपण, चालू औषधे आणि अ‍ॅलर्जी लिहा.

४. डॉक्टरांनी किंवा रुग्णालयाने स्वतः दिलेल्या नंबरवरच पाठवा. आधार क्रमांक, बँक तपशील किंवा ओटीपी कोणालाही देऊ नका.

लक्षात ठेवा

दात काढणे, रूट कॅनल यांसाठी प्रत्यक्ष जावेच लागते. चेहऱ्यावर सूज व ताप असेल, तोंड उघडत नसेल, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होत असेल, तर मेसेजच्या उत्तराची वाट पाहू नका. लगेच जवळच्या रुग्णालयात जा किंवा १०८ वर फोन करा.