उपसा पंपासाठी सॉफ्ट स्टार्टर : कोणी घ्यावा, कसा निवडावा?



बेणे, खते आणि बांधणी सोडून ऊस विकास खात्याने मोटारीच्या स्टार्टरवर कशाला लिहावे, असे कोणी विचारील. उत्तर सरळ आहे. एप्रिल-मे महिन्यांत मोटार जळाली किंवा पाईपलाईन फुटली, की दुरुस्ती होईपर्यंत पाण्याची एखादी पाळी तरी चुकतेच. वाढीच्या उसाला ताण बसला की कांड्या आखूड पडतात, आणि आखूड पडलेली कांडी मागाहून कितीही खत टाकले तरी लांब होत नाही. सामाईक उपसा योजनेत तर हे नुकसान सगळ्याच भागीदारांचे.

थांबलेली मोटार बटण दाबताच नेहमीच्या सुमारे सहा पट करंट ओढते. समजा, ५० एच.पी.च्या मोटारीच्या पाटीवर ६८ अँपिअर लिहिले आहेत. थेट स्टार्टरवर ती सुरुवातीला ४०० अँपिअरच्या आसपास घेते. १०० के.व्ही.ए.ची डी.पी. पूर्ण भाराला साधारण १३३ अँपिअर देते. म्हणजे एकटी मोटार डी.पी.च्या ताकदीच्या तिप्पट मागते! मग व्होल्टेज बसते आणि शेजारच्या मोटारी घुमू लागतात. त्यात लाईट आल्याबरोबर ऑटो स्विचवरच्या सगळ्या मोटारी एकदम उचलल्या, तर फ्यूज उडालाच म्हणून समजा.

स्टार-डेल्टा स्टार्टर हा करंट एक तृतीयांशावर आणतो; पण मोटारीचा जोरही एक तृतीयांशच राहतो. शिवाय स्टारवरून डेल्टावर जाताना एक हिसका बसतो. सॉफ्ट स्टार्टर मात्र थायरिस्टरच्या साह्याने व्होल्टेज हळूहळू चढवतो. भरल्या गाडीचा जाणता बैल हिसका देत नाही, ओझे अंगावर घेत घेत चाक फिरवतो, तसेच हे काम. करंट साधारण तीन ते साडेतीन पटींत बांधून ठेवता येतो.

दुसरा फायदा मोटार बंद करताना. लांब चढाच्या लाईनमधले पाणी एकदम थांबले की मागे फिरून दणका देते. एन.आर.व्ही. आपटतो, सांधे निखळतात, पाईप फुटतो. सॉफ्ट स्टार्टरने मोटार सावकाश थांबवता येते आणि हा दणका बराच कमी होतो. ही सोय घेत असलेल्या स्टार्टरमध्ये आहे ना, एवढे विचारून घ्यावे.

कोणाला गरज नाही? विहिरीवर ५ ते १० एच.पी.ची मोटार आणि आखूड लाईन असेल, तर चांगला थेट स्टार्टर आणि फेज गेल्यावर मोटार बंद करणारे संरक्षण एवढे पुरे. सॉफ्ट स्टार्टरने वीजबिल कमी होते, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. मोटार पूर्ण वेगाला आली की वीज पूर्वीइतकीच लागते. मोठी मोटार, लांब चढाची लाईन आणि अपुरी डी.पी. जिथे आहे, तिथेच हा खर्च अंगी लागतो.

निवड कशी करावी?

१. एच.पी. सांगून स्टार्टर मागू नका. मोटारीच्या पाटीवरचे अँपिअर लिहून न्या. त्याच एच.पी.ची पाणबुडी मोटार साध्या मोटारीपेक्षा जास्त अँपिअर घेते. स्टार्टरचे अँपिअर पाटीइतके किंवा त्याहून जास्तच हवेत.

२. पुष्कळ स्टार्टरांची क्षमता ४० अंश उष्णतेला धरलेली असते. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत उष्णता त्याच्या वर जाते. अशा ठिकाणी, किंवा लाईट वारंवार जाऊन मोटार तासात अनेकदा सुरू होत असेल तर, एक माप वरचा घ्या.

३. बायपास कॉन्टॅक्टर असलाच पाहिजे. मोटार वेगात आली की करंट त्यातून जातो, स्टार्टर तापत नाही.

४. कॅपॅसिटर स्टार्टर आणि मोटार यांच्यामध्ये कधीही जोडू नका. थायरिस्टर खराब होतात. तो स्टार्टरच्या अलीकडे, लाईनच्या बाजूला, निर्मात्याने सांगितल्याप्रमाणे बसवावा.

५. साध्या सेंट्रिफ्युगल पंपाला चढण्याचा वेळ ५ ते १० सेकंद ठीक पडतो. पाणबुडी मोटारीला इतका वेळ चालत नाही. तिचे बेअरिंग पाण्याच्या वंगणावर चालते आणि वेग लवकर आला नाही तर ते घासते. तिथे मोटार निर्मात्याने सांगितलेलाच वेळ ठेवा.

आता सर्वांत महत्त्वाचे. सॉफ्ट स्टार्टर कमी व्होल्टेजवरचा इलाज नाही. व्होल्टेज ४१५ चे ३३० झाले, तर मोटारीचा जोर जवळजवळ ३७ टक्क्यांनी घटतो, कारण जोर व्होल्टेजच्या वर्गाने कमी होतो. अशा वेळी करंटची मर्यादा फार खाली बांधली, तर मोटार वेग घेत नाही, नुसती तापते आणि शेवटी जळते. म्हणून खरेदीपूर्वी तीन-चार दिवस, वेगवेगळ्या वेळी, मोटार चालू असताना व्होल्टेज मोजून वहीत लिहा. व्होल्टेज मुळातच कमी असेल, तर आधी डी.पी.ची क्षमता आणि केबलची जाडी बघावी लागेल.

सामाईक योजनेच्या भागीदारांनी ही वही आणि मोटारीच्या पाटीची नक्कल जवळ ठेवूनच दरपत्रके मागवावीत. सगळ्यांकडून एकाच अँपिअरचे, बायपाससह दर घ्यावेत, म्हणजे स्वस्त कोणता आणि अपुरा कोणता, हे तिथेच कळेल.

— ऊस विकास अधिकारी