लिंगाची सूज आणि आपली जीवघेणी लाज

ताप आला तर माणूस चारचौघांत सांगतो. हगवण लागली तरी सांगतो. पण लघवीच्या जागेला सूज आली की त्याचे तोंड बंद होते. नवरा बायकोला सांगत नाही, मुलगा बापाला सांगत नाही. आठ-पंधरा दिवस तो कळ सोसतो आणि शेवटी जातो कुठे? तर मुतारीच्या भिंतीवर ज्याचा फोन नंबर लिहिलेला असतो त्या 'गुप्तरोगतज्ज्ञा'कडे, नाहीतर रस्त्याकडेला तंबू ठोकून बसलेल्या जडीबुटीवाल्याकडे. तिथे महिन्याची मजुरी जाते आणि रोग मात्र जिथल्या तिथे राहतो.

चळवळीच्या दैनिकात हा कसला विषय, असे काही वाचकांना वाटेल. त्यांना आम्ही इतिहासाची आठवण करून देतो. ज्या १९२७ साली बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी हाती घेतले, त्याच वर्षी रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केले. स्त्री-पुरुषांच्या शरीराविषयी वाचक प्रश्न विचारीत आणि कर्वे सरळ उत्तरे देत. या उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. तेव्हा त्यांचे वकीलपत्र घेतले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी! खटल्यात कर्व्यांना दंड झाला. पण शरीराबद्दलच्या प्रश्नाला शास्त्रीय उत्तर देणे म्हणजे अश्लीलता नव्हे, ही बाजू बाबासाहेब न्यायालयात उभे राहून मांडून गेले. मग त्यांच्या अनुयायांनी या विषयावर बोलायला का लाजावे?

लिंगाला सूज येण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे पुढच्या कातडीचा आणि बोंडाचा दाह. कातडीखाली मळ साचतो, ओल राहते, बुरशी वाढते. मग लाली, खाज, पांढरा थर, लघवी करताना आग आणि सूज. यात घाबरण्यासारखे फारसे नाही. रोज अंघोळीला कातडी हलकेच मागे घेऊन साध्या पाण्याने धुवावे, कोरडे करावे आणि कातडी पुन्हा पुढे आणावी. डेटॉल ओतू नये, कपड्याचा साबण घासू नये, त्याने आग वाढते. बुरशी असेल तर डॉक्टर साधे मलम देतात. मेडिकलवाल्याने हातावर टेकवलेले स्टेरॉईडमिश्रित मलम मात्र लावू नये. दोन दिवस बरे वाटते आणि पुढे दुखणे चिघळते. रोज धुवा म्हणणे सोपे आहे, पण ज्या झोपडपट्टीत शंभर घरांना एक नळ आणि अंघोळीला आडोसा नाही, तिथे हा उपदेश कुणी कुणाला करायचा? पाण्याचा प्रश्न चवदार तळ्यावर संपला नाही, तो आजही आपल्या अंगावर रोग होऊन उठतो आहे.

हा दाह पुन्हा पुन्हा होत असेल तर रक्तातील साखर तपासलीच पाहिजे. कित्येकांना आपल्याला मधुमेह आहे हे याच दुखण्यातून पहिल्यांदा कळते. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्यांमुळे लघवीवाटे साखर जाते आणि बुरशी वाढते. तसे झाले तर गोळी स्वतः बंद न करता डॉक्टरांना सांगावे.

दुसरा प्रकार तातडीचा आहे. मागे घेतलेली कातडी पुढे येत नाही, बोंडाच्या मागे दोरी आवळल्यासारखी बसते आणि पुढचा भाग टम्म फुगतो. दवाखान्यात म्हाताऱ्या माणसाला लघवीची नळी घालताना कातडी मागे घेतात आणि ती परत पुढे आणायची राहून जाते, तेव्हाही हे होते. सोबत बसलेल्या नातेवाइकांनी एवढे पाहावेच. सुजलेला भाग मुठीत धरून काही मिनिटे हळूहळू दाबला तर सूज उतरते आणि कातडी पुढे सरकते. नाही सरकली तर उद्याची वाट न पाहता त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. रक्तपुरवठा तुटला तर बोंड काळे पडते. लहान बाळांची कातडी निसर्गतःच चिकटलेली असते. ती जोर लावून मागे ओढू नये. बाळ सारखे रडत असेल आणि तिथे सूज असेल तर केस किंवा दोरा गुंडाळला गेला आहे का, हेही पाहावे.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही मुख्यतः लेखणी उचलली ती. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार विदर्भात गोंड, माडिया, परधान या आदिवासींबरोबरच पूर्वाश्रमीच्या महार, म्हणजे आजच्या बौद्ध समाजात मोठ्या प्रमाणात आहे. या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. हाडे दुखतात, रक्त कमी होते, हे आपल्या लोकांना माहीत आहे. पण याच पेशी लिंगात अडकल्या तर आत आलेले रक्त बाहेर पडत नाही. कोणतीही इच्छा नसताना लिंग ताठ होते, सुजते आणि असह्य दुखते. बहुधा रात्री किंवा पहाटे. दहा-बारा वर्षांच्या पोरालाही हे होऊ शकते.

आणि ते पोर काय करते? गोधडीत तोंड खुपसून रडते. आईला कसे सांगायचे? बापाला कळले तर तो वाईट चालीचा म्हणून मारील! हीच लाज त्याचा घात करते. चार तासांपेक्षा जास्त वेळ असे राहिले तर आतील पेशी मरू लागतात. दिवस उलटला तर त्या मुलाला जन्मभराचे नपुंसकत्व येऊ शकते. वेळेत इस्पितळात नेले तर डॉक्टर सुईने साकळलेले रक्त काढतात, आत औषध टोचतात आणि अवयव वाचतो. घरून निघेपर्यंत भरपूर पाणी पाजावे, लघवी करायला लावावी, वेदनाशामक गोळी द्यावी. सिकलसेलच्या रुग्णाला बर्फ लावू नये, थंडीने पेशी अधिक वाकतात. थोडा वेळ होऊन आपोआप उतरत असेल तरीही डॉक्टरांना सांगावे, कारण तो पुढच्या मोठ्या संकटाचा इशारा असतो. हायड्रॉक्सीयुरियाची गोळी नियमित घेतल्याने सिकलसेलचे वेदनेचे झटके कमी होतात.

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली, २०४७ पर्यंतचे उद्दिष्ट ठेवले. तिचा भर आदिवासीबहुल भागांवर आहे आणि तो असलाच पाहिजे. परंतु शहरातल्या बौद्ध वस्तीतील मुलांची तपासणी आपण मागून घेतल्याशिवाय होणार नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, हेही किती पालकांना ठाऊक आहे?

सुजेसोबत जखम, पू किंवा जांघेत गाठ असेल तर लैंगिक संसर्गाची शंका घ्यावी. सरकारी रुग्णालयांतील 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये याची तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. तिथे जोडीदाराचेही उपचार व्हावे लागतात. नवऱ्याने गुपचूप गोळ्या खाल्ल्या आणि बायकोला अंधारात ठेवले, तर हा अन्याय आहे आणि रोगही परत येतोच. पायांवर, चेहऱ्यावरही सूज असेल तर मूत्रपिंड, यकृत किंवा हृदयाचा विकार असू शकतो. पूर्व विदर्भात हत्तीरोगामुळेही वृषणाची पिशवी आणि लिंगाची कातडी सुजते. आणि कातडीखाली न दुखणारी, न भरणारी गाठ वा जखम असेल तर कर्करोग नाही ना, याची खात्री करून घ्यावी. लवकर सापडला तर तो बरा होतो.

लैंगिक शक्ती वाढवण्याच्या आणि गुप्तरोग बरे करण्याच्या औषधांच्या जाहिराती करणे १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. तरी भिंती रंगतातच. कारण सरकार झोपलेले आहे आणि आपण गप्प आहोत. या भोंदूंचे भांडवल म्हणजे आपली लाज. ती टाकली की त्यांचे दुकान बंद!

म्हणून कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. जयंतीच्या डी.जे.वर जो पैसा उडतो त्यातला थोडा सिकलसेलच्या तपासणी शिबिरासाठी ठेवा. विहारात महिन्यातून एकदा डॉक्टरला बोलवा, तरुणांना मोकळेपणाने प्रश्न विचारू द्या. आणि प्रत्येक आई-बापाने घरातल्या पोराला आजच सांगून ठेवावे की, बाळा, शरीराच्या कुठल्याही भागाला दुखले तर रात्री दोन वाजताही उठव, आम्ही रागावणार नाही.