गांधीलमाशीएवढी वीरांगना

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही एकाएकी गांधीलमाशीएवढे झालात, तर काय होईल? चित्रकथेतील एका नायिकेला हे रोजच करावे लागते. तिची हकिकत आधी ऐका, मग गणित मांडू.

अमेरिकेतील मार्व्हल या प्रकाशनसंस्थेच्या ‘टेल्स टू अ‍ॅस्टॉनिश’ या चित्रकथा-मासिकात, जून १९६३ च्या ४४ व्या अंकात, जॅनेट व्हॅन डाइन प्रथम अवतरली. मूळ कल्पना स्टॅन ली यांची, चित्रे जॅक कर्बी यांची. अंतराळातून आलेल्या एका भयंकर प्राण्याने जॅनेटच्या शास्त्रज्ञ वडिलांचा बळी घेतला. सूड घेण्यासाठी ती हँक पिम या शास्त्रज्ञाकडे गेली. मुंगीएवढा होणारा ‘अँट-मॅन’ तो हाच. त्याने तिला लहान होण्याची शक्ती व पंख दिले आणि ती ‘वास्प’, म्हणजे गांधीलमाशी झाली.

सप्टेंबर १९६३ मध्ये ‘अ‍ॅव्हेंजर्स’चा पहिला अंक निघाला. थॉर, आयर्न मॅन, हल्क, अँट-मॅन आणि वास्प हे संघाचे पहिले पाच जण. त्यांत स्त्री एकच. पण संघाचे नाव सुचविले ते तिनेच! सुरुवातीच्या कथांत मात्र तिच्या वाट्याला बहुधा मदतनिसाचेच काम येई. अखेर १९८२ मध्ये ती संघाची अध्यक्ष झाली. २०१८ च्या चित्रपटात तर जॅनेट आणि तिची मुलगी होप या दोघीही ‘वास्प’ म्हणून दिसल्या.

आता वही-पेन्सिल घ्या. समजा, १६० सेंटिमीटर उंचीची, ५० किलो वजनाची जॅनेट शंभरपट लहान झाली. उंची उरली १.६ सेंटिमीटर. त्वचेचे क्षेत्रफळ १०० × १००, म्हणजे दहा हजारपट घटले. घनफळ मात्र १०० × १०० × १००, म्हणजे दहा लाखपट घटले. वजनही त्याच प्रमाणात घटले असे धरू; ते उरले अवघे ५० मिलिग्रॅम.

यात एक फायदा आहे. स्नायूंची ताकद त्यांच्या जाडीवर, म्हणजे आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते. ती दहा हजारपटच घटली. म्हणून वजनाच्या मानाने जॅनेट शंभरपट बळकट ठरेल. मुंगी आपल्याहून जड ओझे उचलते, त्याचे इंगित हेच.

पण संकटेही आहेत. आंघोळ केल्यावर आपल्या अंगावर सुमारे अर्धा किलो पाणी चिकटलेले राहते. चिमुकल्या जॅनेटच्या अंगावर ते ५० मिलिग्रॅम राहील, म्हणजे तिच्या वजनाइतकेच! पाण्याचा एक थेंबही तिला जड जाईल. शिवाय वजनाच्या मानाने त्वचा शंभरपट झाल्याने अंगातील उष्णता भराभर निघून जाईल. सुमारे दोन ग्रॅम वजनाची सर्वांत लहान जातीची चिचुंद्री दिवसाला स्वतःच्या वजनाहून अधिक खाते. जॅनेट तर तिच्याही चाळिसावा हिस्सा! तिला लढायला सवड कुठून मिळणार? सारा दिवस जेवणातच जाईल.

शास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९२६ मध्ये प्राण्यांच्या आकारमानावर एक निबंध लिहिला, त्यात हाच विचार आहे. १९५७ मध्ये ते भारतात येऊन स्थायिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.

तेव्हा मित्रांनो, चित्रकथा आनंदाने वाचा. मात्र पेन्सिल जवळ ठेवा. आता एक उदाहरण तुम्हीच सोडवा : जॅनेट दहापट मोठी झाली, तर तिच्या पायांची हाडे तिचे वजन पेलतील का?