लेसर केशनिर्मूलन : रंगद्रव्याची भूमिका आणि फिकट केसांबाबतची मर्यादा

प्रस्तावना :
शरीरावरील अनावश्यक केस काढण्याची प्रथा प्राचीन आहे. दोरा, मेण, वस्तरा, चिमटा व रासायनिक लेप ही साधने आजही प्रचलित आहेत. परंतु त्यांचा परिणाम काही दिवस किंवा काही आठवडेच टिकतो. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात लेसर किरणांचा या कामी वापर सुरू झाला आणि पुढे तो भारतातील शहरांमध्येही रुजला. 'केसांपासून कायमची मुक्ती' अशा शब्दांत या उपचाराची जाहिरात केली जाते. प्रत्यक्षात पांढऱ्या, सोनेरी व तांबूस केसांवर हा उपचार जवळजवळ निष्प्रभ ठरतो. ही उणीव यंत्राच्या दर्जाची किंवा उपचारकाच्या कौशल्याची नसून उपचारामागील तत्त्वातच ती अंतर्भूत आहे. प्रस्तुत लेखात तिची कारणमीमांसा केली आहे.

उपचारामागील तत्त्व :
थिओडोर मेमन यांनी १९६० मध्ये माणिक स्फटिकापासून पहिला लेसर सिद्ध केला. एकाच तरंगलांबीचा, एकाच दिशेने जाणारा तीव्र प्रकाश त्यामुळे उपलब्ध झाला. रॉक्स अँडरसन व जॉन पॅरिश या अमेरिकन संशोधकांनी १९८३ मध्ये 'सिलेक्टिव्ह फोटोथर्मोलिसिस' म्हणजे निवडक प्रकाश-औष्णिक विघटनाचा सिद्धांत मांडला. ऊतीतील एखादे रंगद्रव्य विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश सभोवतालच्या घटकांपेक्षा अधिक शोषत असेल आणि प्रकाशाचा स्पंद पुरेसा अल्पकालीन असेल, तर उष्णता त्या लक्ष्यापुरती मर्यादित राहते व शेजारील ऊती सुरक्षित राहतात, असा या सिद्धांताचा आशय आहे.

केशनिर्मूलनात हे रंगद्रव्य म्हणजे मेलॅनिन होय. केसाच्या दांड्यातील व मुळातील मेलॅनिन प्रकाश शोषून तापते. ती उष्णता आसपास पसरून केसाची पुनर्निर्मिती करणाऱ्या मूलपेशींपर्यंत पोहोचते व त्यांना इजा करते. येथे एक बाब लक्षात घेणे आवश्यक आहे. या मूलपेशींमध्ये स्वतः प्रकाश शोषण्याइतके रंगद्रव्य नसते. त्यांना मिळणारी उष्णता केसातील मेलॅनिनकडून उसनी आलेली असते. उष्णता पुरविणारा केसच रंगहीन असेल, तर ही साखळी पहिल्याच दुव्यापाशी तुटते.

केसांचा रंग व प्रकाशाचे शोषण :
केसांमध्ये मेलॅनिनचे दोन प्रकार आढळतात. काळ्या व गडद तपकिरी केसांत युमेलॅनिन विपुल असते. तांबूस केसांत फिओमेलॅनिनचे प्रमाण अधिक असते. सोनेरी केसांत एकूण रंगद्रव्यच अल्प असते, तर पांढऱ्या केसांत ते जवळजवळ नसते. या उपचारात ६९४ नॅनोमीटरचा रुबी, ७५५ नॅनोमीटरचा अलेक्झांड्राइट, सुमारे ८०० ते ८१० नॅनोमीटरचा डायोड आणि १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग हे लेसर वापरले गेले आहेत. या पट्ट्यात युमेलॅनिन प्रकाश चांगला शोषते. फिओमेलॅनिनचे शोषण मात्र फारच कमी असते.

मग प्रकाशाची ऊर्जा वाढविली तर काय होईल, असा प्रश्न स्वाभाविकपणे उपस्थित होतो. केसात शोषक द्रव्यच नसेल, तर वाढीव ऊर्जा केसाच्या वाट्याला येत नाही. ती बाह्यत्वचेतील मेलॅनिन व रक्तातील हिमोग्लोबिन यांच्याकडून शोषली जाते. परिणामी केस शाबूत राहतो आणि त्वचा भाजते. फोड, काळे किंवा पांढरे डाग व क्वचित व्रण हे त्याचे दुष्परिणाम होत.

भारतीय संदर्भ :
थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या त्वचेच्या वर्गीकरणानुसार बहुसंख्य भारतीयांची त्वचा चौथ्या व पाचव्या प्रकारात मोडते. अशा त्वचेसाठी १०६४ नॅनोमीटरचा लेसर तुलनेने सुरक्षित मानला जातो. या तरंगलांबीला मेलॅनिनचे शोषण कमी असल्याने बाह्यत्वचेचा बचाव होतो. पण त्याच कारणाने केसातील शोषणही घटते. म्हणून जाड व काळ्या केसांवर तो उपयोगी पडतो, तर बारीक लव व पिकलेले केस त्याला दाद देत नाहीत. गव्हाळ किंवा सावळ्या चेहऱ्यावरील पांढरे केस हा या उपचारासाठी सर्वांत प्रतिकूल संयोग ठरतो.

रजोनिवृत्तीच्या सुमारास अनेक स्त्रियांच्या हनुवटीवर राठ केस उगवतात व त्यांतील काही पांढरे असतात. अशा वेळी लेसरने काळे केस विरळ होतात आणि पांढरे तसेच राहतात. याची पूर्वकल्पना नसलेल्या स्त्रीला खर्च व वेदना सोसूनही फसवणूक झाल्याची भावना येते. लेसर करावयाचाच असेल, तर केस पिकण्यापूर्वी करणे अधिक फलदायी ठरते. शिवाय चेहऱ्यावरील बारीक लवेवर उपचार केल्यास काही व्यक्तींमध्ये केस उलट वाढल्याचेही आढळले आहे. अंडाशयाच्या बहुपुटी विकारासारखे संप्रेरकांचे असंतुलन असल्यास मूळ विकाराकडे लक्ष देणेही अगत्याचे आहे.

पर्याय :
फिकट केसांसाठी विद्युत्-विश्लेषण म्हणजे इलेक्ट्रॉलिसिस ही जुनी पद्धत आजही विश्वासार्ह आहे. चार्ल्स मिशेल या अमेरिकन नेत्रतज्ज्ञाने १८७५ मध्ये पापणीचे आत वळलेले केस काढण्यासाठी तिचा वापर नोंदविला. प्रत्येक केसाच्या मुळाशी सूक्ष्म सुई घालून विद्युत्प्रवाहाने मूळ नष्ट केले जाते. येथे रंगद्रव्याचा संबंध नसल्याने केस कोणत्याही रंगाचा असला तरी चालतो. मात्र एकेक केस हाताळावा लागत असल्याने वेळ पुष्कळ लागतो. पाय किंवा पाठ यांपेक्षा हनुवटीसारख्या लहान भागास ती अधिक सोयीची आहे. एफ्लोर्निथिन हे मलम चेहऱ्यावरील केसांची वाढ मंदावते, परंतु वापर थांबविल्यावर वाढ पूर्ववत होते. बाहेरून रंगद्रव्य मुळांत पोहोचविण्याचे तसेच प्रकाशासोबत रेडिओ-लहरी वापरण्याचे प्रयोग झाले. त्यांतून काळ्या केसांइतके भरवशाचे यश हाती आलेले नाही.

समारोप :
अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने लेसरसाठी 'कायमचे निर्मूलन' असा नव्हे, तर 'केसांच्या संख्येत कायमस्वरूपी घट' असा मर्यादित दावा मान्य केला आहे. म्हणजे काळ्या केसांबाबतही पूर्ण मुक्तीचे आश्वासन शास्त्रसंमत नाही. पांढऱ्या केसांबाबत तर ते निराधारच ठरते. उपचारापूर्वी केसांचा रंग व जाडी, त्वचेचा वर्ण आणि संप्रेरकांची स्थिती यांची तपासणी करून अपेक्षित परिणाम स्पष्टपणे सांगणे हे उपचारकाचे कर्तव्य आहे, आणि ते विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे. तंत्रज्ञानाची मर्यादा वेळीच सांगितली गेली, तर अनेकांचा पैसा, वेळ व त्वचा या तिन्हींचे रक्षण होईल.