जिभेचा कर्करोग : शस्त्रक्रियेनंतरचे बोलणे आणि जेवणे

जिभेच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया हा प्रमुख उपचार आहे. ती पार पडली की नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, 'सगळे निघाले ना?' तो स्वाभाविकच आहे. परंतु रुग्णाचे प्रश्न बहुधा मनातच राहतात. मला पुन्हा नीट बोलता येईल का? चारचौघांत बसून जेवता येईल का? आयुष्य वाढवणे जितके महत्त्वाचे, तितकेच ते जगण्याजोगे करणेही उपचारांचेच काम आहे.

जिभेचा लहान भाग काढला असल्यास उरलेल्या कडा शिवून भागते. निम्मी वा अधिक जीभ काढावी लागली, तर शरीराच्या अन्य भागातील त्वचा व ऊती आणून ती जागा भरतात. छातीचा स्नायू त्वचेसह वळवून घेण्याची पद्धत १९७९ मध्ये प्रसिद्ध झाली. चिनी शल्यविशारदांनी १९८१ मध्ये हाताच्या, तर १९८४ मध्ये मांडीच्या ऊती वापरण्याची पद्धत मांडली. या दोन्ही पद्धतींत ऊतींच्या रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली मानेतील रक्तवाहिन्यांना जोडल्या जातात.

मात्र हा नवा भाग म्हणजे नवी जीभ नव्हे. तो पोकळी भरतो. पण स्वतःहून हलत नाही आणि त्याला चवही कळत नाही. निम्मी जीभ शिल्लक असेल, तर तिला मोकळेपणाने हलता यावे म्हणून हाताची पातळ त्वचा सोयीची ठरते. जवळजवळ संपूर्ण जीभ काढल्यास टाळूपर्यंत पोहोचेल असा मांडीचा जाड भाग उपयोगी पडतो. पुढचे बोलणे व गिळणे बऱ्याच अंशी उरलेली जीभ किती आणि कशी हलते, यावर अवलंबून असते.

कोणते उच्चार अडतील, हे आपली वर्णमालाच सांगते. प, फ, ब, भ, म हे वर्ण ओठांचे, म्हणून 'बाबा', 'मामा' बहुधा स्पष्ट येतात. त, थ, द, ध यांना जिभेचे टोक दातांपर्यंत जावे लागते, तर ट, ठ, ड, ढ, ण, ळ यांसाठी ते टाळूकडे वळावे लागते. त्यामुळे टोक गेलेल्या रुग्णाला 'दादा' किंवा 'टाळी' म्हणणे कठीण जाते. जिभेची मागची बाजू शाबूत असल्यास 'काका' जमते. वाचा-उपचारतज्ज्ञ सरावाने पर्यायी उच्चार शिकवतात. काहींना टाळूला बसवायच्या कृत्रिम पट्टीचाही उपयोग होतो.

जेवणाची अडचण अधिक जिव्हारी लागते. जीभ घास फिरवते, दातांखाली आणते आणि मागे ढकलते. हे मंदावले की भाकरी गालात अडकून राहते, पाणी अवेळी घशात उतरते व ठसका लागतो. अन्न वा लाळ श्वासमार्गात गेल्यास न्यूमोनियाचा धोका असतो. म्हणून पातळ की घट्ट, मान पुढे की मागे, हे प्रत्येक रुग्णाची तपासणी करूनच ठरवावे लागते.

किरणोपचार घ्यावे लागल्यास लाळ कमी होते, तोंड पुरेसे उघडत नाही, दात किडतात. मानेच्या शस्त्रक्रियेनंतर खांदाही दुखू शकतो. रुग्णाचा हा अनुभव मोजण्यासाठी युरोपीय संशोधकांनी तयार केलेल्या प्रश्नावल्या वापरतात. त्या मराठीतही उपलब्ध आहेत. उपचारानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत जीवनमान घसरते आणि पुढे वर्षभरात अनेकांमध्ये सावरते, असा सर्वसाधारण अनुभव आहे. बोलण्याच्या व खाण्याच्या काही अडचणी मात्र टिकून राहतात.

म्हणूनच वाचा-उपचारतज्ज्ञांची भेट शस्त्रक्रियेपूर्वीच घ्यावी. किरणोपचारांपूर्वी दात तपासून घ्यावेत. जबड्याचे व खांद्याचे व्यायाम डॉक्टरांनी सांगितल्यापासून नियमित करावेत. तंबाखू व मद्य पूर्ण वर्ज्य करावे. जेवताना वारंवार ठसका, ताप, घटते वजन किंवा तोंडात नवी जखम दिसल्यास विलंब करू नये.

कुटुंबीयांनी रुग्णाचे वाक्य स्वतः पूर्ण करण्याची घाई टाळावी. त्याचे ताट वेगळ्या खोलीत नेऊ नये. जेवायला वेळ लागला, तरी त्याने पंगतीत बसावे. संकोचाने गप्प राहिलेल्या रुग्णाचा बोलण्याचा सराव सुटतो आणि मनाची उभारीही खचते.