आकडा कळतो, हेतू कळत नाही

मुळशीचे धरण ज्या टाटा पॉवरचे, तिच्या शेअरचे फ्युचर्स एनएसईवर रोज चालतात. भाव आणि ओपन इंटरेस्ट दोन्ही वाढले की ‘लाँग बिल्डअप’. भाव वाढून ओपन इंटरेस्ट घटला की ‘शॉर्ट कव्हरिंग’. मुळशी तालुक्यातल्याच हिंजवडीत मोबाइलवर ऑप्शन चेन पाहणाऱ्या नोकरदाराला हे पाढे पाठ असतात. पाढे चुकीचे नाहीत, पण त्यांवरून काढलेला निष्कर्ष बहुधा फाजील असतो. ओपन इंटरेस्ट म्हणजे अजून न मिटलेले सौदे, आणि प्रत्येक सौद्यात घेणारा असतो तसा विकणाराही असतो. तेव्हा हा आकडा वाढला तर नवे सौदे उभे राहिले एवढेच ठरते; कोणाचा अंदाज बरोबर, ते नाही.

समजा, निफ्टी 24,900 वर आहे आणि 25,000 च्या कॉलवर सर्वाधिक ओपन इंटरेस्ट दिसतो. रूढ समज असा की कॉल विकणारे बडे असतात, म्हणून 25,000 ला अडसर. पण शेअर हाताशी ठेवून केवळ प्रीमियमसाठी कॉल विकणाऱ्याला बाजार वर गेल्याची फारशी धास्ती नसते. आणि ज्याच्याकडे शेअर नाहीत, तो भाव 25,000 च्या वर गेल्यावर फ्युचर्स घेत सुटतो नि तेजीला आणखी जोर देतो. कोणी म्हणेल, एनएसई रोज एफआयआय (परदेशी संस्था), डीआयआय (देशी संस्था), प्रो (दलालांचे स्वतःचे सौदे) आणि क्लायंट (इतर ग्राहक) अशी फोड देते की! देते, पण ती गटाची बेरीज. तिच्यात हेजिंग किती आणि पैज किती, हे उमगत नाही. जेन स्ट्रीट या अमेरिकी ट्रेडिंग कंपनीवरच्या 3 जुलै 2025 च्या अंतरिम आदेशात बाजार नियामक सेबीने म्हटले आहे, की 17 जानेवारी 2024 ला सकाळी तिने बँक निफ्टीतले शेअर व फ्युचर्स मिळून सुमारे 4,370 कोटींची खरेदी केली आणि ऑप्शन्समध्ये मात्र कितीतरी पट मोठी मंदीची पोझिशन उभी केली. कंपनीला हे आरोप मान्य नाहीत. पण नुसती खरेदी पाहून तेजी ओळखणे किती कच्चे, ते यातून दिसते.

मग हा डेटा टाकाऊ? मुळीच नाही. गर्दी कुठे झाली आहे, हे तो नेमके सांगतो: एखाद्या शेअरचा ओपन इंटरेस्ट ठरलेल्या मर्यादेच्या 95 टक्क्यांपलीकडे गेला, की त्यात पोझिशनची जोखीम वाढवता येत नाही. धोका जोखायला एवढे पुरेसे आहे, दिशा सांगायला नाही. ऑप्शन चेन सर्वांना फुकट दिसते. तरी सेबीच्या पाहणीनुसार 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समधले (एफ अँड ओ) 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात गेले. म्हणून आकडे जरूर वाचा. पण आधी आपला तोटा कुठे थांबवायचा ते ठरवा आणि मगच सौदा करा.